मृताची इच्छा

"मृत माणसाला इच्छा नसते," एवढं बोलून झालं होतं आणि पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, तेवढ्यात मागच्या गर्दीतून कुणीतरी हाक मारली, "रुफात!"

रुमेन साव्होव थांबला नाही. कॅमेऱ्यासमोर उभं राहून निकाल समजावून सांगण्यात त्याची निम्मी हयात गेली होती. पाऊस आला, घोषणा झाल्या, एकदा तर कुणीतरी अंडं फेकलं, तरी त्याचं वाक्य कधी अर्ध्यात तुटलं नव्हतं. आजही तुटलं नाही. "आणि नाव हा माणसाचा अगदी स्वतःचा हक्क," तो म्हणाला, "घरासारखा, जमिनीसारखा तो मुलांकडे वारशानं जात नाही. माणूस गेला की त्याच्याबरोबर तोही जातो. जबरदस्तीनं नावं बदलली गेली, हे सरकारनं मान्य केलेलंच आहे. जे जिवंत होते त्यांना आपलं नाव परत घेता आलं. जे त्याआधीच गेले, त्यांच्या वतीनं मुलांनी अर्ज करावा, असं नवा कायदा म्हणत होता. न्यायालय म्हणतं, मृतानं काय मागितलं असतं हे ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही. मुलांनाही नाही." रालित्सानं, वाहिनीच्या त्या तरुण वार्ताहरानं, मान हलवली. तिच्या मनगटावर मार्च महिन्यात सगळे बांधतात तो लाल-पांढरा धागा होता, तो माइकच्या दांड्यावर घासत होता. ते घासणं रुमेनला ऐकू येत होतं. आपला आवाज मात्र त्याला कुठून तरी लांबून, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा ऐकू येत होता.

"आणि सर, त्या एका न्यायाधीशबाईंचं वेगळं मत?"

ते मत त्यानं सकाळी तीनदा वाचलं होतं. मृताची इच्छा आज कळत नाही हे खरं, असं त्या बाईंनी लिहिलं होतं. पण तो जिवंत असताना ती कुणी विचारली नव्हती, हेही तितकंच खरं. "फार हृद्य मत आहे," तो कॅमेऱ्याला म्हणाला. "पण कायद्याच्या कसोटीवर टिकणारं नाही." मग दिवा विझला. रालित्सा वायर गुंडाळत म्हणाली, "मस्त झालं, सर. ती बाई कुणाला हाका मारत होती हो?" "असेल कुणीतरी," म्हणत तो वळला. न्यायालयासमोरच्या पिवळ्या फरशीवर आठ-दहा बायका उभ्या होत्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, दक्षिणेकडच्या डोंगरातून आलेल्या. त्यांच्यात तपकिरी कोटातली एक त्याच्याकडे बघत होती. हात हलवत नव्हती, हसतही नव्हती. आपण हाक मारली ती बरोबर माणसाला की चुकीच्या, एवढंच जणू तिला पक्कं करायचं होतं. ते झालं, तशी तिनं पाठ फिरवली आणि बाकीच्या बायकांबरोबर ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली. त्याची थोरली बहीण नेझिहे डाव्या पायावर जोर देऊन चालायची. तंबाखूच्या मळ्यात लहानपणी पाय मोडला होता तेव्हापासून. पुढून ओळखायला क्षणभर लागला असता; पाठीमागून लागला नाही.

एरवी अशा कामानंतर तो कोपऱ्यावरच्या दुकानात बनित्सा खायचा आणि पेलाभर बोझा प्यायचा. आजही पाय तिकडेच वळले. चीज घातलेल्या त्या पापुद्र्यांचा वास आला आणि भूक मेली. गल्ल्यावरच्या स्तोयान्कानं मागच्या भिंतीवरचा टीव्ही दाखवला. तिथं आवाज बंद करून तो स्वतःच बोलत होता. "प्रोफेसर, तुम्ही होतात म्हणून बरं," ती म्हणाली. "सकाळी निकाल ऐकला तेव्हा आम्हाला वाटलं, हा काय अन्याय! मेलेल्या माणसाला त्याचं नावसुद्धा देत नाहीत? पण तुम्ही समजावलंत आणि पटलं. म्हणजे अन्याय नाही तर."

"तसं म्हणायला हरकत नाही," रुमेन म्हणाला.

"हेच तर! शिकलेला माणूस पाहिजे. आम्ही आपले उगाच कळवळत बसतो." तिनं बोझ्याचे पैसे घेतले नाहीत. त्या पेल्यातलं आंबूस, घट्ट पेय घोटाघोटानं घशाखाली उतरवत तो उभा राहिला, आणि ते संपत नव्हतं.

त्याच्याकडून नाव कुणी हिसकावून घेतलं नव्हतं, हीच तर गोष्ट होती. डोंगरातल्या तुर्की गावांत त्या हिवाळ्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं: बर्फात अडकलेली गावं, रस्त्यावर उभे केलेले रणगाडे, ग्रामपंचायतीच्या कचेरीत बल्गेरियन नावांची यादी घेऊन बसलेला कारकून. बाबांना, म्हणजे सबरीला, तिथं नेलं तेव्हा नेझिहे बरोबर होती. कारकून म्हणाला, यातलं आवडेल ते निवडा. बाबा म्हणाले, "तुम्हीच ठेवा काय ते. तुम्हालाच हाक मारायची आहे." कारकुनानं 'साव्वा' लिहिलं. पहिलं अक्षर तेच ठेवत असत, माणसाला जड जाऊ नये म्हणून. रुमेन तेव्हा सोफियात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला एका उबदार खोलीत बोलावलं. तिथं पोलीस नव्हता, बंदूक नव्हती. राखाडी सूटमधला एक सभ्य माणूस होता आणि त्यानं कॉफी मागवली होती. त्या काळात तशी कॉफी मिळत नसे. हीटरवर त्या माणसाचे ओले हातमोजे वाळत होते, लोकरीचा वास येत होता. "तुमच्यासारख्या हुशार मुलाला मी काय सांगणार," तो माणूस म्हणाला, "तुम्हीच ठरवा." आणि त्यानं ठरवलं होतं. वीस वर्षांच्या पोरानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "रुमेन." त्याला ते नाव आवडलं होतं, नदीवरच्या धुक्यासारखं मऊ. बाहेर पडल्यावर जिन्यात त्यानं ते एकदा हळूच उच्चारून पाहिलं होतं. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, वान्यालासुद्धा नाही. लग्नाच्या बायकोला एवढंच माहीत होतं की आपल्या नवऱ्याचं माहेर दक्षिणेकडे कुठंतरी आहे, तिथं एक बहीण असते आणि तिच्याशी फारसं पटत नाही. "पुरुषाला माहेर असतं का रे?" वान्या चेष्टेनं म्हणायची. त्याला नेहमी वाटे, आपल्याला असावं. आणि लग्न झालेल्या मुलीसारखं आपणही ते नाव तिथंच ठेवून आलो असू.

बाबा गेले ते कम्युनिस्ट राजवट पालटण्याआधी. आणखी थोडं थांबले असते तर त्यांनी कचेरीत जाऊन स्वतः आपलं नाव परत आणलं असतं, नेझिहेनं आणलं तसं. पण मरणाला कायद्याची मुदत कळत नाही. दफनाला रुमेन गेला होता. इमामाला बंदी होती. प्रेत शेजारच्या म्हाताऱ्यानं घाईघाईनं धुतलं, दार लावून. गल्लीत तुर्की बोललं तर दंड होता, म्हणून बायका मुक्यानंच रडत होत्या. मुक्यानं रडणाऱ्या बायकांचं तोंड कसं दिसतं, ते त्यानं तेव्हा पाहिलं. बाबांच्या बोटांवर तंबाखूच्या चिकाचा काळा थर होता. तो धुऊन जात नाही, साबणानं नाही, राखेनंही नाही. लहानपणी पानं ओवता ओवता भूक लागली की त्याच बोटांनी भाकरी तोडायची, आणि ती कडू लागायची. सगळं आयुष्य कडू भाकरी खाऊन त्या माणसानं मुलाला राजधानीत शिकायला पाठवलं. कायदा शीक म्हणाले होते. आपल्यातला एक तरी कायदा जाणणारा असू दे.

पालटलं तेव्हा त्यालाही नाव परत घेता आलं असतं. अर्ज सोपा होता. पण त्याच महिन्यात संविधानावरचा त्याचा पहिला लेख छापून आला होता, रुमेन साव्होव या नावानं, आणि खुद्द विभागप्रमुखांनी व्हरांड्यात थांबवून शाबासकी दिली होती. पुढच्या वर्षी बघू, असं त्याला वाटलं होतं. पुढच्या वर्षी व्याख्यातेपद आलं, मग वान्या आली, मग पुस्तक. साव्होव म्हणजे साव्वाचा. कारकुनानं बाबांना दिलेलं नाव त्यानं आडनाव म्हणून पुस्तकांच्या कण्यावर मिरवलं. आणि जे नाव बाबांनी एकदाही हाकेला ओ देण्यासाठी वापरलं नव्हतं, ते आज देशातल्या प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला पाठ होतं.

फोन वाजला. वाहिनी. संध्याकाळच्या चर्चेला याल का, कायदा रद्द करणाऱ्या निकालाच्या विरोधातलेही असतील, तुमच्यासारखा तटस्थ माणूस हवाच. "येतो," तो म्हणाला. फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. हा नंबर त्याच्याकडे कुठल्याच नावानं नव्हता, पण तो त्याला ओळखीचा होता.

"बसस्थानकावर आहे," नेझिहे म्हणाली. बल्गेरियनमध्ये बोलत होती ती, त्याच्याशी नेहमी बोलायची तशी, शाळेतल्यासारखी नीट. "गाडी सुटायला वेळ आहे. यायचं तर ये. नाही आलास तरी चालेल."

ती फलाटाशेजारच्या बाकावर बसली होती. बाकीच्या बायका पलीकडे सूर्यफुलाच्या बिया सोलत, टरफलं कागदात जमा करत होत्या. तो आला तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं, आणि तो बसल्यावर खालच्या आवाजात पुन्हा सुरू झालं. नेझिहेचा चेहरा वाळला होता. तिला बघून त्याला बाबा आठवले नाहीत, आईही नाही. आरशातला स्वतःचा चेहरा आठवला, दाढी करताना दिसणारा, अजून कुणी न पाहिलेला.

"ताई, कळवायचंस तरी येणार म्हणून," तो म्हणाला.

"कळवलं असतं तर काय केलं असतंस? दुसऱ्या दाराजवळ उभा राहिला असतास." ती हसली. "प्रोफेसरसाहेब, छान बोललात बरं का. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ही एमिने म्हणाली, किती समजावून सांगतो गं माणूस, आपल्याविरुद्ध आहे हेसुद्धा कळत नाही."

"मी कुणाच्या विरुद्ध नव्हतो. निकालात काय आहे तेवढं मी—"

"तुझा लेखही वाचला मी. गेल्या महिन्यातला. मुलीनं फोनवर काढून दिला. निकालातलं ते वाक्य तुझंच होतं ना रे? मृत माणसाला इच्छा नसते."

"माझं नाही. जुनं तत्त्व आहे ते. रोमन काळापासूनचं."

"म्हणजे तेव्हापासून मेलेल्यांना कुणी विचारत नाही."

समोर एका बसचं इंजिन सुरू झालं आणि बाकाची फळी थरथरू लागली. नेझिहे पुढे म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता, "मला एवढंच कळतं, रुफात. सरकारच्या दप्तरात सबरी म्हणून एक माणूस जन्मला आणि तो मेलाच नाही. आणि साव्वा म्हणून एक माणूस मेला, जो जन्मलाच नव्हता. थडग्यावरचा दगड मी कधीच बदलून घेतला, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण माझ्या नातवानं विचारलं, आजी, तुझे बाबा कोण? मी दगड दाखवला. तो म्हणाला, शाळेसाठी कचेरीतून आणलेल्या वंशावळीवर तर वेगळंच लिहिलंय. तू एवढा शिकलास. खरंच काही मार्ग नव्हता?"

मार्ग होता. तो त्याला लेख लिहितानाच दिसला होता. मृताची इच्छा हा प्रश्नच मुळी येत नव्हता. नाव बदलताना सरकारनं खोटी नोंद केली. खोटी नोंद दुरुस्त करणं हे सरकारचं स्वतःचं कर्तव्य. तिथं मृताचा हक्क कुणी वापरत नाही, सरकार आपली चूक निस्तरतं. कारकून आकडा चुकला तर तो खोडताना कुणी मेलेल्याची परवानगी मागत नाही. एका परिच्छेदाचा युक्तिवाद होता तो, स्वच्छ, न मोडता येणारा. त्या वेगळ्या मतात न्यायाधीशबाई या युक्तिवादाच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या आणि तिथून हळहळून परत फिरल्या होत्या. त्यानं तो परिच्छेद लिहिला होता. मग वाचला, आणि तो वाचताना त्याला स्वतःची नोंद दिसली: त्या खोलीत, हीटरजवळ, कॉफीबरोबर केलेली. ती खोटी होती की खरी? ती दुरुस्त करायची तर चूक कुणाची म्हणायची? तो परिच्छेद छापला असता तर कुणी ना कुणी विचारलंच असतं, साव्होव, तुम्हाला या प्रश्नात एवढा रस कसा? त्यानं परिच्छेद काढून टाकला. लेख त्यामुळे आटोपशीर झाला, असंही त्याला वाटलं.

"एक मुद्दा होता," तो म्हणाला, आणि मग का कोण जाणे, सगळा सांगितला. वर्गात सांगावा तसा, पायरीपायरीनं. नेझिहे ऐकत राहिली. कायद्याचं एक अक्षर न शिकलेल्या बाईला तो पहिल्या फटक्यात कळला, हे तिच्या डोळ्यांवरून त्याला दिसलं. आणि ती ते समजून घेते आहे याचा त्याला क्षणभर आनंद झाला, शिक्षकाचा आनंद, लाजिरवाणा.

"हे कोर्टाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"तुला आत्ता सुचलं?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," तो म्हणाला. "आधीच सुचलं होतं."

ती ओरडेल असं त्याला वाटलं. पलीकडच्या बायकांना बोलावून सांगेल, निदान रडेल. तो तयार झाला होता, कॅमेऱ्यासमोर अंडं चुकवायला व्हावं तसा. पण तिनं फक्त रुमालाची गाठ सोडली आणि परत बांधली. "बरं," ती म्हणाली. "आता परत जाता येतं का कोर्टात?"

"अंतिम निकाल आहे."

"मग झालं तर." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "तुला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी. हाक मारली तीही त्यासाठीच, पण तू कामात होतास. बाबांच्या शेजारची जागा. आईनं जाताना सांगितलं होतं, ती रुफातची, म्हणून मी ती राखून ठेवली. पण कबरस्तान भरलंय, वर डोंगराचा खडक आहे, सरकायला वाव नाही. एमिनेचा नवरा आजारी आहे, महिनाही काढणार नाही म्हणतात. ती परवा विचारत होती, बिचारी, भीतभीत. मी म्हटलं, माझी नाही, भावाची आहे, त्याला विचारते." ती थांबली. "तर विचारते आहे. मागून कुणी म्हणायला नको की विचारलं नाही. तू जिवंत आहेस, तोंडानं सांगू शकतोस. ठेवू, की देऊन टाकू?"

आयुष्यात कुणी त्याला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. वान्यानं सोफियाच्या मध्यवर्ती कबरस्तानात दोघांसाठी आधीच जागा घेतली होती, लिंडनच्या झाडांच्या रांगेत, प्राध्यापकांच्या बाजूला. ते त्याला आठवलं. आणि त्याच वेळी खडकाळ उतारावरची ती पट्टी आठवली, चांगलं ऊन येणारी, मेंढ्यांच्या घंटा ऐकू येणारी. तिथं आपल्याला झोपायचं आहे का? त्यानं मनात शोधलं. प्रामाणिकपणे शोधलं, एखाद्या कलमाचा अर्थ शोधावा तसं: आधी शब्द, मग हेतू, मग पूर्वीचे दाखले. हो असंही सापडलं नाही, नाही असंही नाही. जिथं इच्छा असायची तिथं त्याला काहीच लागलं नाही. नुसतं एक आटोपशीर, झाडून ठेवलेलं रिकामपण होतं. तोंडात तंबाखूच्या चिकाची चव आली, खरीखुरी.

"अट काय आहे?" त्यानं विचारलं. "म्हणजे दगडावर—"

"अट कसली? जो तिथं येतो तो आपल्या नावानं येतो. एवढंच." तिनं घड्याळाकडे पाहिलं. चालकानं गाडीचं दार उघडलं होतं, बायका उठून पिशव्या गोळा करत होत्या. एमिने नावाची ती बुटकी बाई लांबूनच दोघांकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात एवढी आशा होती की रुमेननं नजर वळवली.

"देऊन टाक," तो म्हणाला.

"नक्की?"

"तिला गरज आहे. मला तर..." त्याला वाक्य पूर्ण करता आलं नाही. हे त्याच्या आयुष्यातलं पहिलंच.

नेझिहेनं त्याचा हात एकदा दाबला, व्यवहार झाल्यावर दाबावा तसा, आणि उठली. डाव्या पायावर जोर देत ती पायऱ्या चढली. तो खिडकीखाली उभा राहिला. हात हलवावा की नाही हे त्याला ठरवता येईना. वरची काच थोडी उघडी होती. नेझिहे एमिनेशेजारी बसली आणि तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली. एमिनेनं दोन्ही हात तोंडावर घेतले, मग नेझिहेचे हात धरून ते कपाळाला लावले. पलीकडच्या बाकावरची, त्यांच्याबरोबर कोर्टात न आलेली एक म्हातारी मान लांब करून तुर्कीत म्हणाली, मोठ्यानं, कारण या शहरात आपली भाषा कुणाला कळत नाही अशी तिची खात्री होती, "कोण गं तो खाली उभा आहे? तुमच्यातला कुणी?"

आज किती वर्षांनी त्यानं ती भाषा ऐकली होती. तरी तिचा शब्दन् शब्द त्याला कळला.

"नाही गं," नेझिहे म्हणाली. "टीव्हीवरचे आहेत. निकाल समजावून सांगायला आले होते."